नीरा नावाचा दुसरा अर्थ

अमितचा फोन आला तेव्हा मी टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डब्यातला गार झालेला उपमा खात होते. त्या दिवसांत फोन वाजला की मी आधी नाव बघायचे. माझी नात सहा आठवड्यांची झाली होती आणि अजून तिला हॉस्पिटलच्या बाहेरची हवा लागली नव्हती. स्क्रीनवर ‘अमित, ट्रॉय’ असं दिसलं आणि, आता लिहायला लाज वाटते, पण मला आधी हायसं वाटलं. हॉस्पिटलचा फोन नाही, माझ्या मुलीचा, सईचा नाही, म्हणजे काही वाईट नाही.

“अंजलीताई, आई गेली,” तो म्हणाला.

मी काय बोलले ते आठवत नाही. डबा बंद केला, एवढं आठवतं. निमोनिया झाला होता, चार दिवस, शेवटी झोपेतच... असं तो तुटक तुटक सांगत होता. मग म्हणाला, “सईला लगेच सांगू नका. आईला आवडलं नसतं.” मी दोन दिवस सांगितलं नाही. दोन दिवस माझ्या मुलीसमोर बसून तिच्या बाळाचं वजन, बाळाचं दूध, बाळाचा ऑक्सिजन यांवर बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये एकटीने फोनवर अमितच्या आईचा, दीनामावशींचा, दफनविधी पाहिला. मिशिगनमध्ये बर्फ पडत होतं. फावड्याने माती टाकल्याचा आवाज येऊ नये म्हणून मी फोनचा आवाज बंद केला होता, तरी तो मला ऐकू येत होता.

दीनामावशी बेने इस्रायली. आपल्या कोकणातले मराठी ज्यू. रेवदंड्याजवळच्या एका गावात जन्म, आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी तो बंद, म्हणून गावात यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत नर्सिंग शिकल्या आणि तेविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर इस्रायलला गेल्या. तिथे दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या एका शहरात, हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात पस्तीस वर्षं नोकरी केली. नवरा गेल्यावर अमितने त्यांना मिशिगनला, आमच्या ट्रॉयला आणलं. अमित मोटारींच्या डिझाइनमध्ये आहे, आमच्यासारखाच डेट्रॉइटच्या आधाराने जगणारा. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. त्यामुळे ट्रॉयमध्ये आल्यावर मावशींना पहिली भूक लागली ती मराठी वाचण्या-बोलण्याची. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही जुनी पुस्तकं देवघेवीसाठी मांडतो, तिथे त्या खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, “मी दीना. मराठीत दीन म्हणजे बिचारी, हिब्रूत दीन म्हणजे न्याय. तुला कोणती वाटते?” मी घाबरून “न्याय” म्हणाले. “शहाणी आहेस,” म्हणाल्या, आणि एका वेळी सात पुस्तकं घेऊन गेल्या.

त्यांची ख्याती पसरली ती नावांमुळे. आमच्या पिढीची मुलं इथेच वाढली, इथेच प्रेमात पडली, आणि त्यांतल्या दोघी-तिघींनी ज्यू मुलांशी लग्नं केली. मग बाळाच्या नावाचा प्रश्न यायचा आणि सगळे मावशींकडे धावायचे. पस्तीस वर्षं त्यांनी नवजात बाळांच्या मनगटावर पट्ट्या बांधल्या होत्या. सुरुवातीला नावं मोशे, रिव्का अशी आजोबा-आजींची असायची, आणि नंतर एकेका वर्षी कशी बदलत गेली, ते त्यांनी पाहिलं होतं. “तरुण आईबापांना छोटी नावं पाहिजेत,” त्या सांगायच्या. “ताल म्हणजे दव. गल म्हणजे लाट. युवाल म्हणजे ओढा. बाहेर बघावं तर नुसती रेती, आणि वॉर्डात सगळं पाणीच पाणी. माणसाला जे मिळत नाही ना गो, ते तो मुलाच्या नावात आणतो.” नाव पास करायची त्यांची एक परीक्षा होती. नागपूरच्या आजीला हाक मारता आली पाहिजे, अमेरिकन शाळेतल्या बाईंना वाचता आलं पाहिजे आणि सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्याने ऐकून मान डोलावली पाहिजे. शिरा या नावाचा अर्थ गाणं, पण ते त्या कुणाला देत नसत. “आजी तुपात भाजायला घेईल.” नेता म्हणजे रोपटं, तेही बाद. “मोठेपणी मतं मागायला येईल.”

सईने ईथनशी लग्न ठरवलं तेव्हा मी तीन आठवडे धड जेवले नव्हते. ज्यू म्हणून नव्हे, खरंच नव्हे. मी मुळातच काळजीखोर बाई आहे. दुसऱ्या रीतीभातींचं घर, मुलगी टेक्सासला, आपण मिशिगनला, उद्या काही झालं तर... असलं सगळं. मावशींनी मुलाचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, “ईथन म्हणजे आमचा एतान. एतान म्हणजे खंबीर, जागचा न हलणारा. थोडा आळशी असेल. पण पळून जायचा नाही.” मी हसले, आणि त्या दिवशी पोटभर जेवले. पुढे सईचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, तेव्हा ईथन खरोखरच तिच्या जवळून हलला नाही. दोघांनी खोली रंगवून ठेवली होती. नाव ठरवून सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यानंतर माझी मुलगी कित्येक महिने त्या नावाच्या दुसऱ्या कुणाला भेटायला तयार नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा घरात नावाचा विषय कुणी काढायचा नाही, असं न बोलताच ठरलं. ईथनची आई सूझन हिच्याकडेही तीच रीत होती. बाळ येण्याआधी काही आणायचं नाही, नाव उच्चारायचं नाही. मी डोहाळजेवणाचं नुसतं सुचवलं तर सई म्हणाली, “आई, प्लीज. नो फंक्शन्स.” गेल्या दिवाळीत ती दोघं ट्रॉयला आली. पाचवा महिना सरत होता. मुलगी आहे हे कळलं होतं. एका दुपारी सई मला म्हणाली, “दीनाआजीकडे जाऊ या? फक्त आपण दोघी.”

मावशी उन्हात, घरामागच्या बागेत शाल गुंडाळून बसल्या होत्या. सईने त्यांचा हात हातात घेतला आणि एका दमात सांगून टाकलं. “आजी, मला एक नाव पाहिजे. मी कुणाला सांगणार नाही. पण तिला मनात काहीतरी म्हणायला पाहिजे ना... आय कान्ट कीप कॉलिंग हर ‘इट’. ईथनची आजी नेटी होती, सो त्यांना ‘न’वरून पाहिजे.” ईथनच्या घराण्यात बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात, निदान पहिलं अक्षर तरी.

मावशींनी फार वेळ घेतला नाही. “नीरा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे नीर म्हणजे पाणी. आमच्या हिब्रूत नीर म्हणजे नांगरलेली जमीन. अजून पेरलेली नाही. नुसती नांगरून, ढेकळं फोडून तयार ठेवलेली.” सई रडायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “दॅट्स मी, आजी. मीच आहे ती.” मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “घाबरू नकोस. सत्तावीस-अठ्ठावीस आठवड्यांची, तळहातावर मावणारी मुलं मी घरी जाताना पाहिली आहेत. नंतर तीच मुलं सैन्याच्या कपड्यांत मला भेटायला आली. आणि आता हे नाव तोंडातून काढायचं नाही. बाळ हातात येईपर्यंत नाही.”

परत जाताना विमानतळावर सईच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा रंग पाहिला.

तीन आठवड्यांनी मी मावशींकडे उरलेल्या चकल्या घेऊन गेले. त्यांनी दार उघडताच विचारलं, “सईचा दिवा कसा आहे?”

मला वाटलं, दिवाळीतली एखादी पणती मागताहेत. “कसला दिवा, मावशी?”

“नीरा गो. नीर म्हणजे दिवा.”

“मावशी, तुम्ही नांगरलेली जमीन म्हणाला होतात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. हरवलेल्या मुलाची असते तशी. मग एकदम रागावून म्हणाल्या, “मी शेत कशाला म्हणेन? मी कधी म्हणाले?” चहा टाकते म्हणून आत गेल्या आणि दहा मिनिटांनी रिकाम्या हाताने बाहेर आल्या. चहाचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. माझी मुलगी कशी आहे, हे त्यांनी त्या तासाभरात तीनदा विचारलं. निघताना अमित गाडीपर्यंत आला. म्हणाला, तपासण्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार वाढत जाणार. “कधी एकदम क्लिअर असते, कधी मलाच माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारते.”

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. बाळांच्या नावांच्या एका साइटवर नीरा म्हणजे शेत, दुसऱ्या साइटवर दिवा, तिसऱ्यावर अमृत. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावं, असा सगळा प्रकार. ईथनला विचारावं तर सईच्या कानावर जाणार. नवरा म्हणाला, “अगं, शेत काय नि दिवा काय, दोन्ही चांगलंच आहे. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?” पण मला शेताची किंवा दिव्याची काळजी नव्हतीच. माझं मन भलत्याच ठिकाणी अडकलं होतं. नावाचा अर्थ जर त्यांनी त्या दिवशी गोंधळात सांगितला असेल, तर ती तळहातावर मावणारी मुलंही... तीही गोंधळातलीच असतील का? सई ज्या शब्दांना धरून एकेक दिवस काढत होती, ते शब्द खरे होते की एका म्हाताऱ्या बाईच्या विस्कटलेल्या डोक्यातून आले होते?

हे विचारायला मी मावशींकडे गेले नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली. पुढचा महिनाभर मी त्यांच्या घराकडे फिरकले नाही. ऑफिसचं काम, थंडी, सर्दी, कारणं भरपूर होती. त्यांचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे लिहिते आहे.

आणि डिसेंबरच्या मध्यात, अठ्ठाविसाव्या आठवड्यात, सईला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मी प्लेनोला पोचले तोवर बाळ जन्मलं होतं. काचेच्या पेटीत, नळ्या आणि तारांच्या मध्ये, माझ्या पशापेक्षा जरा मोठं असं काहीतरी होतं आणि त्याची छाती चिमणीसारखी धडधडत होती. पेटीवरच्या कार्डावर नाव नव्हतं. ‘बेबी गर्ल’ एवढंच. ईथन आणि सूझनचं म्हणणं होतं, नाव आजच द्यावं. त्यांच्याकडे आजारी माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करतात. सई ऐकेना. “नाव दिलं की शी विल बी रिअल, आणि मग...” चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, “आई, आजीला फोन लाव. मला पुन्हा एकदा ऐकायचंय, ते शेताचं.”

मी फोन हातात घेतला. त्या ‘दिवा’ म्हणाल्या तर? ‘कोण सई?’ म्हणाल्या तर? मी सईला म्हटलं, इथे रेंज नाही, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन एकटीनेच फोन लावला. भीती खरी ठरली. मावशींना सई आठवेना. मीही नीट आठवत नव्हते. मी म्हटलं, “मावशी, आमचं बाळ काचेत आहे. अठ्ठावीस आठवड्यांचं.”

पलीकडे मग आवाजच बदलला. बारीक, थकलेला आवाज गेला आणि वॉर्डातल्या सिस्टरचा आवाज आला. “वजन किती? श्वास स्वतः घेते का? आई जवळ जाते का?” मी सांगत गेले. सई नुसती लांबून पाहते, हात लावायला घाबरते, तेही सांगितलं. “तिला म्हणावं हात गरम करून घे. एक हात डोक्यावर, एक पायांवर, असा वाटीसारखा. थोपटायचं नाही. कुरवाळायचं नाही, एवढ्या लहान मुलाच्या कातडीला ते सोसत नाही. हात ठेवायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. आणि हाक मारायची. नाव काय आहे बाळाचं?”

“नाव अजून ठेवलं नाही, मावशी.”

“नाव ठेवा,” त्या करड्या आवाजात म्हणाल्या. “बिननावाच्या मुलाला कुणी बोलावायचं कसं?” आणि फोन बंद.

मी आत गेले तेव्हा ड्यूटीवरची नर्स सईला दाखवत होती, हात कसा ठेवायचा ते. एक डोक्यावर, एक पायांवर. नो स्ट्रोकिंग, मॉम, जस्ट होल्ड स्टिल. शब्द न् शब्द तोच. मी भिंतीला टेकून उभी राहिले. महिनाभर उराशी घेऊन फिरलेलं ओझं तिथेच गळून पडलं. त्या मुलांची आठवण खरी होती. ती मुलं घरी गेली होती. मी सईला सांगितलं, “आजी म्हणाल्या, नाव ठेव आणि हाक मार.” शेताचं मी काहीच बोलले नाही. सईने पेटीच्या गोल खिडकीतून दोन्ही हात आत घातले, डोकं खाली वाकवलं आणि हळूच म्हणाली, “नीरा...” सूझन माझ्या शेजारी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

पुढचे आठवडे कसे गेले ते हॉस्पिटलचा अनुभव असलेल्यांना सांगायला नको. एक दिवस पुढे, दोन दिवस मागे. एकदा जंतुसंसर्ग झाला, त्या तीन दिवसांत मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. त्यातून ती सावरली आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात ईथनच्या सिनेगॉगचे रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, भेटायला आले. चाळिशीतले, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी नावाचा अर्थ विचारला. सईने शेताचं सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “ज्यांनी नाव सुचवलं, त्या नंतर एकदा दिवा म्हणाल्या होत्या. त्यांना विसरण्याचा आजार आहे.” सईने चमकून माझ्याकडे पाहिलं. रब्बाय हसले. म्हणाले, दोन्ही बरोबर आहे. अक्षरं तीच. एका जागी नीर म्हणजे नव्याने नांगरलेली जमीन, आणि जुन्या धर्मग्रंथात राजा दाविदाच्या वंशाचा दिवा विझू नये असं म्हटलंय, तिथे तोच शब्द आहे. “युअर फ्रेंड न्यू हर हिब्रू,” ते म्हणाले. दिव्याचा अर्थ फारसा कुणाला ठाऊक नसतो.

ते गेल्यावर सई म्हणाली, “तुला इतके दिवस माहीत होतं? मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं, घाबरले. ती हात धुऊन पेटीपाशी गेली. थोड्या वेळाने म्हणाली, “आजीला सांग, दोन्ही आवडले.” मी मनाशी ठरवलं की फोनवर नको. ट्रॉयला गेले की समोर बसेन, त्यांचे हात धरेन, माफी मागेन. त्यांना कशाबद्दल ते कळणार नाही, तरी मागेन. बाळ जरा स्थिर झालं की चार दिवस जाऊन येईन, असा बेत होता. आणि मग त्या दुपारी पार्किंगमध्ये अमितचा फोन आला.

नीरा फेब्रुवारीच्या अखेरीस घरी आली. मी मार्चमध्ये ट्रॉयला परतले आणि दुसऱ्याच दिवशी अमितकडे गेले. मराठी पुस्तकांचं काय करायचं, हे त्याला विचारायचं होतं. दोन खोकी भरली. मग तो म्हणाला, “ताई, चहा घ्या,” आणि मी स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर एक पांढरा फळा चिकटवलेला होता. शेवटच्या दोन महिन्यांत आई तेच तेच विचारायची, म्हणून त्याने तो आणला होता. तो उत्तर सांगायचा आणि आई स्वतःच्या हाताने लिहून ठेवायची, म्हणजे पुन्हा विचारायच्या आधी वाचता येईल. “मला वाचता येत नाही. काय लिहिलंय?” त्याने विचारलं.

अक्षर नर्सचं, ठसठशीत, ओळी थोड्या खाली उतरत गेलेल्या. मी मोठ्याने वाचलं. “औषध सकाळी घेतलं. अमित सहाला येतो. गॅसला हात लावायचा नाही. सईचं बाळ काचेत आहे. बरं आहे. अंजलीला फोन करायचा नाही, ती तिथे दमलेली असते.”

अमित म्हणाला, “ती शेवटची ओळ तिने स्वतःच लिहिली. मी सांगितली नव्हती. रोज फोन उचलायची, ते वाचायची आणि परत ठेवायची.”

आणि मला वाटत होतं, त्या आम्हाला विसरल्या.

फळ्याच्या कडेला पेन दोरीने बांधलेलं होतं. मी अमितकडे पाहिलं, त्याने मान हलवली. त्यांचं काहीही मी पुसलं नाही. खाली थोडी जागा होती. तिथे, जमेल तितक्या मोठ्या अक्षरात, लिहिलं – नीरा घरी आली.